अनंताची खूण

२४ ऑक्टोबर

माफ कर, जूननंतर तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पण लिहिलं की आपलं वागणं आपल्यालाच वाचावं लागतं, म्हणून टाळलं.

काल भाऊबीज. कुंभार पिंपळगावला माहेरी जाऊन आले. सोमेश्वरला ओवाळलं, तर त्यानं खिशातून पाकिटाआधी मोबाइल काढला. "ताई, हे पाह्य. शीतलनं काढलाय." मोसंबीच्या बागेवर आकाशगंगा. साध्या मोबाइलवर! स्टुलावर डाळीचा डबा ठेवून त्याला मोबाइल टेकवला होता म्हणे. गावच्या ग्रुपवर सगळीकडे फिरला. शीतल ताटं घेता घेता म्हणाली, "उगं आपलं, ताई. झोप येत न्हवती."

त्याच शेतात मी सोमेश्वरला मृग ओळखायला शिकवला. तेव्हा भावजय कुठं होती? आता माझ्या जालन्याच्या गच्चीवरून कारखान्यांच्या उजेडात मोजके तारे दिसतात, आणि तिनं दार उघडलं की सगळं आकाश.

फोटो सुंदर होता. मी म्हणाले, "छान. फोटोत दाणे जरा जास्त आलेत."

२ नोव्हेंबर

गेली दोन वर्षं मी डीएसएलआर निवडतेय. निकॉन की कॅनन, लहान सेन्सर की मोठा, नवा की वापरलेला. शेवटी ठरलंय: वापरलेली फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी, आणि चौदा एमएमची, हातानं फोकस करायची लेन्स. अंधारात बॉडीपेक्षा लेन्सच कामाला येते, हे समजायलाच एक वर्ष गेलं. ठरलंय, तरी घेत नाही. आणखी एकदा वाचून बघू, असं वाटतं.

आमचे हे, शरदचंद्र, जेवताना म्हणाले, "तू कॅमेरा घेऊन राह्यलीस का पीएचडी करून राह्यलीस?"

हसले. राग आला होता.

९ नोव्हेंबर

शीतलचा फोन. "ताई, एक इचारायचं होतं. हसू नका. रात्रीच्या फोटोसाठी कोणता कॅमेरा घ्यावा?"

कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवते मी. चुकीचं सांगणं जमणार नाही. बॉडी सांगितली, लेन्स सांगितली, ट्रायपॉडसुद्धा. म्हणजे माझाच कॅमेरा सांगितला. मनात होतं – घेते कशाची! सोमेश्वर इतका खर्च करायचा नाही.

या हिशेबानं दिलेला खरा सल्ला कितीसा खरा?

१५ नोव्हेंबर

घेतला. सोमेश्वर तिला संभाजीनगरला घेऊन गेला आणि संध्याकाळी कॅमेरा घरात. माझी दोन वर्षं, तिचा आठवडा. सोमेश्वर फोनवर खुशीत होता. "ताई, तू सांगितलेला बिलकुल तोच घेतला बरं का."

आता मी तोच घेतला तर नणंदेनं भावजयीचं बघून घेतला असं होणार. रात्री त्याच्या वरची मॉडेलं बघत बसले. मला कशासाठी हवीत ती? आकाशासाठी तर नाही.

१८ नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं.

दुपारी स्टाफरूममध्ये असताना शीतलचा फोन आला. अमावास्येला फोटो काढायचेत. "ताई, फोकस कुठं ठेवू? लेन्सवर आडवा आठ हाय."

"ते अनंताचं चिन्ह. तारे तिथंच येतात. तिथं ठेव."

पुस्तकात असंच आहे. पण या लेन्सची खूण जागेवर नसते. ही तक्रार मी कितीदा वाचली आहे! स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करायचा आणि तो बारीक टिपका होईपर्यंत लेन्सचं कडं हळूहळू फिरवायचं. खूण बघायचीच नाही. सांगायला दोन वाक्यं लागली असती. तासाची घंटा झाली होती, हे खरं. पण घंटा झाल्यावरही मी शिपायाशी चहाबद्दल बोलत उभी होते.

खोटं बोलले नाही. एवढंच, की पुढचं बोलले नाही.

२१ नोव्हेंबर

शीतलनं सोळा फोटो पाठवले. सगळे फुगलेले. ताऱ्यांचे मुरमुरे. खाली लिहिलंय, "ताई, काय चुकून राह्यलं?"

बरं वाटलं. लिहूनच ठेवते – बरं वाटलं.

उत्तर दिलं, "सराव हवा."

२२ नोव्हेंबर

सराव! चुकीच्या खुणेवर जन्मभर सराव केला तरी तारा फुगलेलाच येणार.

आज दोनदा तिला लिहायला घेतलं आणि पुसलं. आता सांगितलं तर तेव्हा का नाही सांगितलं? ती विचारायची नाही. सोमेश्वर विचारेल. खरं तर तोही नाही विचारायचा. मीच विचारतेय.

२५ नोव्हेंबर

शीतलचा फोन नाही, फोटो नाही. कॅमेऱ्याची वेबसाइट मीही उघडली नाही. शरदचंद्रांनी विचारलं, "झाली का पीएचडी?" मी उठून भांडी लावली.

२८ नोव्हेंबर

रात्री सोमेश्वरचा फोन. सोमवारी शीतलला घेऊन येतोय, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मुक्काम आमच्याकडेच.

"काय झालं डोळ्यांना?"

"अगं, ती खुणेवर बराबर लावती, तरी फोटो खराब. तीन रात्री करून पाह्यलं. मंग म्हणती, खूणच मला नीट दिसत नसंल. तिच्या आईची नजर शुगरनं अशीच गेल्ती ना, हळूहळू. तेव्हापासून धसका घेतलाय. दोन दिवस धड जेवली न्हाई. कॅमेरा डब्यात भरून ठिवला."

मला बोलायचं होतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हणलं, आधी ताईला तर इचार, खूणच चुकीची आसंल. तर माझ्यावरच भडकली. म्हणती, ताई कधी चुकीचं सांगणार न्हाईत."

'खुणेचं मला आत्ताच कळलं, कुठंतरी वाचलं,' असं सांगता येईल. तिला खरं वाटेल. आणि पुढच्या वेळीही ती मलाच विचारेल.

उद्या सकाळी शीतलला फोन करणे. खूण चुकीची आहे हे मला आधीपासून माहीत होतं, हे पहिल्या वाक्यात सांगणे.