वार खाली आहे

प्रिय अक्का,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. बाळंतपणापर्यंत वेगळं झोपायला डॉक्टरबाईंनी सांगितलंय, असं. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. पाचव्या महिन्यात त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की वार खाली आहे, पुढच्या सोनोग्राफीपर्यंत नवराबायकोनं जवळ येणं टाळा. सासूबाई दाराशी बसल्या होत्या. त्यांनी 'वार' आणि 'टाळा' एवढंच ऐकलं, तोही वार सोमवार-मंगळवारातला. घरी येताच म्हणाल्या, "वार पाळायला सांगितलाय न्हवं? मग एकच कशाला, सातबी पाळा की!" ही वार म्हणजे बाळाची वार, नाळ जोडलेली असते ती, असं मी सांगून पाहिलं. "मला शिकवू नगंस, चार बाळंतपणं काढल्यात मी," म्हणाल्या. सोमशेखरची गादी माडीवर गेली. कपाळाला विभूती लावून त्यांनी त्याला शपथच घातली, बाळंतपणापर्यंतची. रोज ऐकून ऐकून मलाही ते डॉक्टरांचंच म्हणणं वाटायला लागलं, आणि तुला तसं लिहून बसले.

गेल्या आठवड्यात दुसरी सोनोग्राफी झाली. वार वर सरकलीय, सगळं ठीक आहे. काही विचारायचंय का, असं बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कायबी न्हाय." मी न विचारताच उठले.

अक्का, हे फोनवर मला बोलता आलं नसतं. मला तो हवासा वाटतो, लग्नानंतर वाटायचा त्याहून जास्त. सातव्या महिन्यात असं वाटतं का गं? आपल्या आईनं पदर कसा घ्यायचा ते शिकवलं, यातलं काहीच सांगितलं नाही. परवा तो शिरोलीहून कारखान्यातली पाळी संपवून आला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी त्याचा हात पोटावर ठेवला, थोडा वेळ धरून ठेवला. भट्टीतलं लोखंड लागावं तसा त्यानं हात काढला. "नको गं. बाळाला काय झालं तर आई मला जगू द्यायची न्हाय." संध्याकाळी माझं पोट दगडासारखं कडक झालं. माझ्या हव्यासाचीच ही शिक्षा, असं मनानं घेतलं. बाळ हलेपर्यंत मी देवासमोरून उठले नाही.

आता तो जास्तीची पाळीही घेतो. जेवताना माझ्याकडे बघत नाही. चिडलेला नाही गं, घाबरलेला आहे. मीही. रविवारी डोहाळजेवण झालं की तुम्ही मला माहेरी जयसिंगपूरला न्याल. मी बाळ घेऊन परत येईपर्यंत त्याला माझ्यावाचून राहायची सवय झाली असली तर?

म्हणून हे पत्र. तू रविवारऐवजी आधीच ये. डोहाळजेवणाची साडी निवडायला सासूबाईंना महाद्वार रोडला घेऊन जा आणि चार दुकानं फिरव. त्यांना पसंत पडायला वेळ लागतो, ते तुला माहीत आहे. तेवढ्यात मी सोमशेखरला घेऊन दवाखान्यात जाईन आणि त्याच्यादेखत बाईंना विचारीन, आता चालेल का, आणि हे वाटण्यानं बाळाला काही होतं का. नाही म्हणाल्या तर नाही. पण ते त्यांच्या तोंडून आम्ही दोघांनी ऐकायचं. त्याला अजून सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर तो येणार नाही, म्हणून त्याच दिवशी सांगेन. गुरुवारी, एकोणीस नोव्हेंबरला.

तुझीच,
सौंदर्या