ओट्याच्या दोन इटा

मेडशी, १२ ऑगस्ट २०२५

चि. मंजुषास, वच्छलाताईचा जयभीम. वि. वि.

फोनवर मी काही बोलली का तू स्पीकर लावतेस, अन् माय मंग मलेच चूप बस म्हणते. म्हणून ही चिठ्ठी. एकटीनं वाचजो.

भिंत सुकली का मायले आणून घालीन म्हणून तू तिले कारंज्याले नेलं. तिच्या खोलीच्या इटा बाहेरून काळ्या पडल्या, अंदर वास येते, तिले खोकला झाला, हे खरं. पण भिंत सुकत नाई त्याले मी काय करू? पत्रे बदलले, इटायच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. ओल उलटी वीतभर वर चढली. तुहं बी घर इटायचंच, पाऊस तोच, मंग तुही भिंत काहून कोरडी?

शेजारची सोनीबाई म्हणे, तुही माय लहानीच्या घरी रमली वाटते. मी म्हटलं, तिच्या घरी टीव्ही मोठा हाय. घरात येऊन भांडे आपटले.

माय माही आठवण काढते का, ते बी लिहिजो. तिखटमीठ लावू नको.

लोभ असू दे, अन् मायचा बी थोडा इकडं पाठव.

वच्छलाताई

कारंजा, १९ ऑगस्ट

ती. ताईस, मंजुषाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

चिठ्ठी न्हाणीत उभं राहून वाचली. पत्र्यातून गळलं असतं तर ओल वरून खाली उतरली असती. तुझी खालून चढते, म्हणजे ती जमिनीची आहे. इटांवर पांढरं मीठ फुटलं का पाहा. जोत्यावर सिमेंटचा पट्टा असतो, तो जमिनीची ओल अडवतो. माती नाहीतर मुरूम त्याच्या वर गेला की ओलीला रस्ता भेटतो.

आता रागावू नको. तुझ्या त्या भिंतीला टेकून तुझा ओटा आहे. मागं तुम्ही दोघी आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा माय आमच्या ओट्यावर बसून खुश झाली, तर तू घरी जाऊन मिस्त्र्याला सांगितलं, लहानीच्यापेक्षा दोन इटा उंच कर. तो म्हणाला, बाई, ओट्यातला मुरूम पट्ट्याच्या वर जाईल. तू म्हणालीस, पट्टा कोणाला दिसत नाही, ओटा गावाला दिसतो. आमच्याकडे कामाला आला तेव्हा हे त्यानंच आम्हाला हसत सांगितलं.

भिंतीजवळचा ओटा तोडावा लागेल. फटीतलं सिमेंटही काढ, ओल आत कोंडली आहे.

मायचा खोकला थांबला. आठवणीचं नंतर लिहीन.

राग पोटात ठेव, लोभ वर ठेव.

मंजुषा

मेडशी, ३० ऑगस्ट

चि. मंजुषास, जयभीम. वि. वि.

मिस्त्र्याचं तोंड फाटकं हाय, एवढंच लिहितो. भिंतीवर हात फिरवला, तं मीठ हाताले लागलं. दोन दिवस मी ओट्याकडं पाह्यलंच नाई.

मंग सब्बल घेतली. भिंतीपासून हातभर ओटा फोडला, अंदरचा मुरूम पट्ट्याच्या खालपर्यंत उकरला. चिखल होता नुसता. सोनीबाई विचारे, धन शोधून राह्यली का. मी म्हटलं, माय शोधून राह्यली.

आता ओटा एकीकडं, भिंत एकीकडं. उंची तेवढीच ठेवली हाय, ते ध्यानात ठेव. आठवणीचं काहून लिहिलं नाई? नसल काढत तं तसं लिही, मी काही मरत नाई.

लोभ राहू दे, मी बी राखून हाय.

वच्छलाताई

कारंजा, ६ सप्टेंबर

ती. ताईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

माझ्यानं लिहवत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. माय रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसते अन् म्हणते, इथून काहीच दिसत नाही; वच्छलीच्या ओट्यावरून एसटी थेट फाट्यावर वळताना दिसते. मी शिरा करून देते. ती खाते, अन् तुझ्या ज्वारीच्या भाकरीचं सांगते. मागच्या महिन्यात मीही ओट्यावर दोन इटा चढवायला निघाले होते. इटा आणल्या, अन् भिंतीचा पट्टा पाहून थांबले. त्या इटा अजून अंगणात पडून आहेत.

ओटा फोडल्याचं तिला वाचून दाखवलं. तिनं तेव्हाच लुगड्यांचं गाठोडं बांधलं. ओली भिंत सुकायला उन्हाळा उजाडेल, हे मी तिला दोनदा सांगितलं. गाठोडं तसंच आहे, उशाशी.

भिंत सुकली की कळव. थोडं उशिरा कळवलंस तरी चालेल.

मंजुषा