पायरीवरचा वर्ग

१४ ऑगस्ट १९७९, पौड

बरेच दिवस लिहिलं नाही. माफी कुणाची मागू, माझीच.

रिहे खोऱ्यातला प्रौढ शिक्षणाचा वर्ग बौद्धवाडीच्या विहारातून गावच्या देवळात हलवायचं साहेबांचं पत्र कचेरीत मीच टाईप केलं होतं. विहारात न येणाऱ्या गावातल्या बायका देवळात येऊ लागल्या, साहेब खूश झाले.

आज बौद्धवाडीतल्या सखूबाई कचेरीत आल्या.

"भाऊसाहेब, तितं आमाला पायरीवर बसिवत्यात. कंदील आत, आमी भाईर. अक्षर दिसंल व्हय?"

"बघतो," म्हणालो.

"बघा. तुमच्याकडं उजेड हाय." हसल्या. "न्हाईतर उद्यापासनं आमी येत न्हाई."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पायरीवर वेगळा कंदील द्या. तक्रार मिटली."

मीही मान डोलावली. का? पत्र टाईप करताना ती पायरी माझ्या ध्यानात आली नव्हती, की येऊनही मी थांबलो नाही?

उद्या, झेंडावंदन झाल्यावर: कंदिलाचं मागणीपत्र मी करणार नाही, वर्ग परत विहारात न्या, असं साहेबांना तोंडावर सांगणे.