दोष कुणाच्या रक्तात

तीर्थस्वरूप आत्या,

रागावली असशील तरी नमस्कार. माझा फोन तू कापतेस, म्हणून कागद हाती घेतला. तो फाडायचा तर आधी वाचून फाड. अंगठ्याची सूज कशी आहे? बाबा परवा हॉस्पिटलमधून घरी आले. तोंडातले फोड बसले, पाठीची साल निघायची थांबली, आणि चहा बेचव झालाय अशी तक्रार सुरू झाली, म्हणजे बरे आहेत.

डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की बाबांना बाधलेली युरिक ॲसिडची ती गोळी काहींना सोसत नाही, त्याचं मूळ आईवडिलांकडून आलेल्या एका जनुकात असतं, तेव्हा तीच गोळी घेणाऱ्या सख्ख्या नातेवाइकांनी आधी रक्त तपासून घ्यावं. मी रक्त तपासणी केंद्रात कामाला, घरातली पहिली पदवीधर, म्हणून हे सगळ्यांना समजावणं माझं कर्तव्य वाटलं. (आता वाटत नाही.) सगळ्यांनी त्यातलं 'आईवडिलांकडून' तेवढं ऐकलं. आजी म्हणाली, माझ्या माहेरी कुणाला साधी खाजही नाही. तेव्हापासून आजोबा तिच्याशी माझ्यामार्फत बोलतात. आईचा भाऊ, ज्याचा या प्रकरणाशी रक्ताचाही संबंध नाही, तो मामा स्वखर्चाने तपासून आला. निर्दोष निघाला. रिपोर्ट खिशात घालून हिंडतो, न्हाव्यालाही दाखवला.

आणि तू, बाबांची सख्खी बहीण, त्याच गोळीची चिठ्ठी घेऊन बसलेली, मला म्हणतेस, "पोराचं लग्न ठरायचंय, माझ्या रक्तात खोट काढू नकोस." अगं, खोट कसली? काही निघालंच तर डॉक्टर दुसरं औषध देतील. मुलीकडचे सासूच्या गोळ्या विचारत नाहीत. नाही निघालं तर मामासारखी मिरव.

मी फार दमले आहे, आत्या. अंगाला चिकटलेली चादर सोडवताना बाबांचं ओरडणं ऐकलंय. तुझं ओरडणं मला ऐकायचं नाही.

तुझी शिकलेली भाची

ता. क. सुई मीच टोचेन. व्याह्यांना कळणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना बाबा सहज बोलून गेले, की काल आतोबांबरोबर दिलेल्या पिशवीत, टॉवेलच्या घडीत, त्यांच्या उरलेल्या गोळ्या आहेत. "मला नाही सोसल्या, ताईला सोसतील. वाया कशाला घालवायच्या?" त्या गोळ्या पत्र आणणाऱ्या टॅक्सीवाल्या दादांच्या हातात दे. मिळाल्याशिवाय ते हलणार नाहीत, तसं सांगून ठेवलंय. आणि त्याच टॅक्सीत तूही बस. भाडं बाबांकडून घेतलंय. मी केंद्राच्या दारात उभी आहे.