सव्वीस दिवसांचा ढग

प्रिय बारके,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुझे भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन घोरतायत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुपारपासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. चार कागद फाडून झाले. एका शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला कुणी पत्र लिहितं का, असं तू म्हणशील. म्हण बाई. पण समोर बसले की मी बोलणार नाही, आणि फोनवर तर माझी जीभच उचलत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

काल तू फोनवर म्हणालीस की गुरुवारी नदीपलीकडच्या दातांच्या लॅबमध्ये मुलाखत आहे, आणि कामात उत्साह कसा टिकवता असं त्यांनी विचारलं तर काय सांगू ते चार ओळीत लिहून दे. ताई, तू ती सकारात्मक विचारांची तीन शिबिरं केली आहेस, तुला त्यातलं कळतं, असंही म्हणालीस. पाच महिने तू घरी आहेस. हे काम तुला मिळालंच पाहिजे, ते मला कळतं गं. म्हणून आधी तुझ्या चार ओळी देते, नंतर बाकीचं.

शिबिरातली वही काढली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, सकाळी उठल्याबरोबर तीन चांगल्या गोष्टी आठवा. पहिल्या दिवशी मी आठवायला बसले आणि बस चुकली. दुसरं, अडचण हा शब्द वापरू नका, संधी म्हणा. हे मी लॅबमध्ये परत आल्यावर सगळ्यांना शिकवलं होतं, आठवतं? आणि दुसऱ्याच दिवशी आपले भट्टीवाले काका माझ्यासमोर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, बाई, भट्टीला संधी आली आहे, आतून धूर येतोय. तू तेव्हा इतकी हसलीस की तुझ्या हातातली कॅप खाली पडली आणि आपण दोघी गुडघ्यावर बसून टेबलाखाली तो एवढासा दात शोधत होतो. तिसरं, रोज स्वतःला विचारा की आज मी कुणाचा दिवस चांगला केला. पुढची पानं तुला सांगण्यासारखी नाहीत.

खरं सांगू का, तुला या वहीची गरजच नव्हती कधी. मी बावीस वर्षं दात घडवते आहे, कवळ्या, कॅपा, पूल, सगळं. हात बसला आहे, पण मन कधी लागलं नाही. तुला मी आमच्या लॅबमध्ये चिकटवलं तेव्हा वाटलं होतं, दोन महिन्यांत कंटाळून पळेल. आणि तू? समोरचा एक दात करायचा असला की तो तीन तीनदा भट्टीतून काढून खिडकीपाशी न्यायचीस, उजेडात फिरवून बघायचीस. रंगाच्या पट्टीत सोळा छटा, पण तुझं समाधान व्हायचं नाही, दोन छटांच्या मधली तुला हवी असायची. गुणगुणत ब्रश फिरवायचीस. एकदा म्हणालीस, ताई, हा दात उद्या कुणाच्या तरी तोंडात बसून सफरचंद खाणार, मजाच आहे नाही? मला काही मजा वाटली नव्हती. मी म्हटलं, बडबड पुरे, आज अजून नऊ व्हायचे आहेत. गुरुवारी विचारलं तर ते सफरचंदाचं सांग. पाठ केलेलं काही सांगू नकोस.

आता फळ्याचं सांगते. नीट वाच आणि मध्येच थांबू नकोस.

लॅब विकली गेली आणि नवे साहेब आले, तेव्हाच तो फळा दाराशी लागला. सूर्य, ढग आणि पाऊस असे तीन रकाने. सकाळी आल्यावर आपापला चेहरा छापलेलं लोहचुंबक उचलायचं आणि आज मन जसं असेल त्या रकान्यात लावायचं. मग साहेब टाळी वाजवणार, की काम सुरू. तूच त्यांचं नाव टाळीसाहेब ठेवलंस. भाऊजी म्हणाले होते, दिवसभर तुम्ही लोकांचे दात घडवता आणि तुमचे दात हे रोज मोजणार. आपण सगळे हसलो आणि सगळ्यांनी मुकाट्याने सूर्य लावला. न लावून करतोय काय? भट्टीवाले काकांनी बायकोला दवाखान्यात ठेवलं त्या सकाळीसुद्धा सूर्यच लावला. सव्वानऊला मी आपल्या विभागाच्या फळ्याचा फोटो काढायचा आणि मुख्य कार्यालयाला पाठवायचा, हे विभागप्रमुख म्हणून माझं काम.

दीड महिन्याने साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बाई, तुमच्या विभागाचे फोटो वरच्यांना खरे वाटत नाहीत. रोज नऊच्या नऊ सूर्य? कुठेतरी एखादा ढग दिसू द्या, म्हणजे नैसर्गिक वाटेल. मी म्हटलं, पण साहेब, लोक स्वतःच लावतात, मी काय करू? त्यावर ते हसले आणि म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात. बस, एवढंच. बाहेर येऊन फळ्यावरचे चेहरे एकेक करून बघितले. कुणाला सांगू की तू उद्यापासून उदास हो?

माझं स्वतःचं हलवता येत नव्हतं, विभागप्रमुख सूर्यातच हवा असा नियमच होता. काकांची नोकरी एक वर्ष राहिली होती, त्यांना धक्का लावायचा धीर झाला नाही. साचे ओतणारीला कळलं असतं तर तिने लॅब डोक्यावर घेतली असती. बाकीचे नवे, त्यांची माझी तोंडओळख. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या टेबलाशी गेल्यावर मी फळ्यापाशी उभी राहिले आणि तुझा चेहरा सूर्यातून काढून ढगात लावला. फोटो काढला. परत सूर्यात लावला. तुला कधी दिसलंच नाही गं ते, कारण तू जाता येता बघायचीस तेव्हा तू सूर्यातच असायचीस.

मनात म्हटलं, घरचं माणूस आहे, कळलं तरी समजून घेईल. आणि नुसता फोटो तर आहे. पण आता लिहायलाच बसले आहे तर अर्धवट कशाला लिहू? त्याच आठवड्यात त्या मोठ्या डॉक्टरांनी निरोप पाठवला होता की समोरचे दात यापुढे बारक्या बाईंकडेच द्या, थोरल्या बाईंचा रंग जरा पिवळट जातो. सगळ्यांसमोर वाचला होता साहेबांनी तो. तू लाजून माझ्याकडे बघितलंस, मी म्हटलं वा वा. आतून जळले होते मी. बावीस वर्षं कुठे आणि चार वर्षं कुठे! हात तुझ्याच चेहऱ्याकडे का गेला, याचं ते खरं कारण होतं की नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही. पण होतं, थोडं तरी होतं.

सव्वीस दिवस मी ते केलं. एक दिवसही चुकवलं नाही. दुसऱ्या कुणाला मध्ये घालावं, आलटून पालटून करावं, एवढीही अक्कल सुचली नाही. सवय झाली, जसा दाराचा कडी-कोयंडा लावतो तसं. आणि मग वरून कामावरून कमी करायच्यांची ती यादी आली. तीन विभागांतली तीन नावं, कामाप्रती सातत्याने उदासीन दृष्टिकोन. आपल्या विभागातून तू. तू आधी खदखदून हसलीस, तुला वाटलं काकांनी कागद छापून चेष्टा केली आहे. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले, हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. म्हटलं, साहेब, तो ढग तुम्हीच लावायला सांगितला होता. ते शांतपणे म्हणाले, मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि फोटो तर रोज तुम्हीच पाठवलेत. खोटे पाठवले असतील तर तसं लिहून द्या, मग आपण तुमचं बघू. भाऊजींचा कारखाना बंद होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. घरात मिळवणारी मी एकटी. मी उभी राहिले, उभी राहिले, आणि बाहेर आले. साहेबांनी टाळी वाजवली आणि मी कामाला बसले.

त्या संध्याकाळी तुला घरापर्यंत सोडायला आले होते. तू रस्ताभर एकच विचारत होतीस, ताई, माझा चेहरा खरंच तसा दिसतो का? मी ओठांवर आलेलं गिळलं आणि म्हणाले, अगं, थोडं हसतमुख राहावं माणसाने, लोकांना बरं वाटतं. हे वाक्य मी बोलले. जीभ कशी वळली माझी? तू मान हलवलीस आणि म्हणालीस, हो, माझंच लक्ष नसेल.

मला वाटलं होतं चार दिवसांनी विसरशील. तशी तू मनाला लावून घेणारी नाहीस. पण गेल्या आठवड्यात पिल्लू माझ्याकडे राहायला आली होती ना, ती जेवताना म्हणाली, मावशी, आई रोज बाथरूममध्ये आरशात बघून हसते, पण तेव्हा हसण्यासारखं काहीच नसतं. मग ती पाणी मारते तोंडावर. मी तिला म्हटलं, जेव गुपचूप. तुझं काम मी घालवलं हे मला माहीत होतंच, पण तुझं हसू पण गेलं हे मला त्या दिवशी कळलं. खिडकीपाशी दात फिरवत गुणगुणणारी माझी बहीण आरशात हसायची तालीम करते, आणि तालीम शिकवायला मलाच बोलावते!

बारके, ऐक. तुझ्या चेहऱ्यात काही कमी नव्हतं. एका दिवसाचंही नाही. तू सव्वीसच्या सव्वीस दिवस सूर्य लावलास आणि मनापासून लावलास. आख्ख्या लॅबमध्ये तो खरा लावणारी तू एकटीच होतीस.

एवढं लिहून मी थांबले असते, आणि कदाचित हाही कागद फाडला असता. पण शुक्रवारी आणखी एक झालं. त्या नदीपलीकडच्या लॅबच्या बाईंचा मला फोन आला. पूर्वीची वरिष्ठ म्हणून तू माझं नाव दिलं होतंस. आवाज चांगला वाटला बाईंचा. म्हणाल्या, हाताबद्दल ऐकलं आहे आम्ही, फक्त एवढं सांगा, कामाला त्यांचा उत्साह कसा असतो? समोर टाळीसाहेब उभे होते, रजिस्टर चाळत. मी तोंड उघडलं. सफरचंदाचं सांगायचं होतं मला, शपथ. आणि मी म्हणाले, तशी बरी आहे. तशी बरी आहे, एवढंच. बाई म्हणाल्या, कळलं, धन्यवाद. काल तू मला उत्साहाने फोन केलास तेव्हा हे होऊन गेलेलं होतं, आणि तरी मी तुला हो म्हणाले, लिहून देते. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. फोनवरचं वाऱ्यावर जातं, हे तुझ्या हातात राहील. गुरुवारी हे पत्र घेऊन जा आणि त्या बाईंना दाखव. प्रत्येक पानामागे माझी सही आहे, तारीख आहे, तुला वाटलं तर शेवटची दोन पानंच दे. याने माझी नोकरी जाईल, हे तू वाचतानाच ओळखशील. तुझे भाऊजी, माझं घर, सगळं तुझ्या डोळ्यांपुढे येईल, आणि तू पत्र पर्समध्ये घालशील पण बाहेर काढणार नाहीस. मी तुला ओळखते. म्हणून हात जोडून सांगते, दाखव. उद्या सकाळी तुमच्या जिन्याखालच्या पेटीत हे टाकून जाईन, वर येण्याची हिंमत माझ्यात नाही. आणि आता सगळंच सांगितलं आहे तर हेही सांगते, लाज वाटते लिहायला, पण आत कुठेतरी मला अजून वाटतंय की तू दाखवणार नाहीस, आणि तसं वाटल्यावर मला हायसं वाटतंय.

तुझीच,
ताई