पिवळे ठिपके

१४ मार्च, दुपार

प्रिय बुटके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून नाक मुरडलं असशील. मुरड, पण वाच. तू मजेत असशील असं धरून चालते. इकडे ठीक. सूक्ष्मदर्शकासमोर तुझ्या उंचीला वर चढवलेली खुर्ची मी अजून खाली केलेली नाही. वाकून वाकून मान गेली.

हल्ली दुपारभर त्या काळोख्या खोलीत बसते. पडद्यावर पेशीचं आवरण, आणि त्यावर आपले ग्राही प्रथिनांचे ठिपके संथ तरंगताहेत, आपणच रंगवलेले लाल आणि हिरवे. बाहेरचा निरोप ते घेतात खरे, पण एकट्याने तो आत पोचवता येत नाही, जोडी जमावी लागते. बघता बघता मलाच तरंगल्यासारखं होतं. कुणी दार वाजवलं तरी ऐकू येत नाही.

तू इथे होतीस तेव्हा लाल-हिरवा एकावर एक आले की पिवळा ठिपका दिसायचा आणि मी ती जोडी म्हणून मोजायचे. निरोप यायच्या आधीच शंभरात तीस जोड्या! मी हवेत होते. तू म्हणालीस, गर्दीत शेजारी उभे असलेले सगळे काही नवरा-बायको नसतात. लाल चित्र आरशातल्यासारखं उलटं करून हिरव्यावर ठेव. तरी पिवळे तेवढेच आले, तर ती नुसती गर्दी. मी तुला कटकटी म्हटलं.

आणि सरांच्या बैठकीत सांगितलं, हिला मोजायचा धीर नाही, हिचे आकडे धरू नका. महिन्याभरात तुझी जागा गेली. शोधनिबंध तुझ्या नावाशिवाय छापून आला.

गेल्या आठवड्यात नव्या कॅमेऱ्यावर एकेका ठिपक्याच्या मागे मागे गेले. खऱ्या जोड्या फार थोड्या गं. निरोप आला की जुळतात, सेकंदभर एकाच वळणाने जातात आणि सुटतात. तेवढ्यात निरोप आत पोचलेला असतो. इतकं सुंदर दिसलं की तुला हाक मारायला मी मान वळवली.

आज सकाळी सरांना सगळं दाखवलं. निबंध मागे घ्यावा लागेल म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

गेल्या आठवड्यात, असं म्हणता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"तीन वर्षांपूर्वी," मी म्हटलं. "त्या बैठकीच्या आदल्या दिवशी."

हो. तू घरी गेल्यावर मी लाल चित्र उलटं करून ठेवलं होतं. पिवळे ठिपके जवळजवळ तेवढेच आले. मी ती फाइल पुसून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबद्दल ते सगळं बोलले.

सर तुला स्वतः लिहिताहेत. माझी नोकरी या महिन्यापुरती आहे. तू उत्तर दे म्हणायची माझी प्राज्ञा नाही. फार आठवण येते, एवढं मात्र सांगते.

तू खरी आहेस हे माहीत असून तुला खोटं पाडणारी,
मी