सोआचं बाळंतपण

९ फेब्रुवारी

सोआनं आजही टोळाला तोंड लावलं नाही. समोर धरला — एक डोळा फिरवला, बघितला, मिटून घेतला. वर फांदीवर चढतच नाही, जाळीच्या तळाशी बसून असते. अंग काळपट पडलंय.

फांझानं काहीतरी घातलं असणार. दुसरं आहे कोण घरात? मुलगा तोलोत्रा ट्रक घेऊन राजधानीच्या वाटेवर. घरात सासू, सून आणि सरडा! आणि सुनेला सरडा म्हणजे साक्षात अपशकुन.

१० फेब्रुवारी

सोआला उकरायला मातीनं भरलेली बादली जाळीच्या घरात ठेवली होती, ती बाहेर उलटी पडलेली. विचारलं तर म्हणे, "मी काढली होती धुवायला, नेनी. मग कोंबडीनं पाडली." कोंबडीनं! भरलेली बादली! वर तोंडानं नेनी, म्हणजे आई!

आणि सरड्याला हात लावायचा नाही म्हणणारी जाळीत हात घालून बादली काढते कशी?

११ फेब्रुवारी

फांझाच्या गावी सरडा शिवणं फादी. आई-आजीपासून चालत आलेला निषेध. त्यात आता पोटुशी, महिने भरत आलेत. उंबऱ्यात बसत नाही — बाळ अडतं म्हणे. सोआच्या समोरून जाताना पदरासारखं लुंगीचं टोक तोंडावर घेते. गेल्या वर्षी एक गेलं तिचं, पोटातच. तेव्हा बोलली काही नाही, पण जाळीकडे कशी बघायची ते मी बघितलंय. मी काय आंधळी आहे?

वादळात लिचीचं झाड पडलं तेव्हा सोआ चिखलात सापडली होती, मागचा पाय मोडून. मीच तो काडी बांधून जुळवला. वाकडा जुळला, पण जुळला. असा जगवलेला जीव मी कुणाला मारू द्यायची नाही.

१२ फेब्रुवारी

सोआला टोपलीत घातलं, वर ओलं फडकं, आणि सायकलरिक्षानं डॉक्टर राझाफींकडे. ते कुत्री, गाई, डुकरं बघतात. सरडा बघून रिक्षावाला भाडं न घेताच पळाला.

मी डॉक्टरांना आधीच सांगितलं, विष आहे का ते बघा. त्यांनी फोटो काढला, उजेडात धरला. पोटात द्राक्षांचा घोस!

"कसलं विष, आजी? अंडी आहेत. अडलीत."

"नर नाही हो घरात."

"तुमची कोंबडी कोंबड्याला विचारून अंडी घालते का?"

उद्याच पोट उघडायचं. थांबलं तर आतच सडतील म्हणाले.

विष नाही म्हणतात. पण बाहेर काढलेली बादली? माती नसेल तर ती अंडी घालणार कुठे? डॉक्टर म्हणे, "असेलही कारण, नसेलही." म्हणजे असेल.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. का? काय करायचं होतं जे मला दिसायला नको? खिडकीला कान लावून उभी राहिले. नुसता पंप फुसफुसत होता.

फार वेळानं बाहेर आले, शर्ट घामानं भिजलेला. "मधेच श्वास थांबला होता. नळीनं हवा देत बसलो." वाडग्यात अंडी दाखवली. पिवळी, चिकट. एक दगडासारखं टणक, तेच आडवं बसलं होतं.

सोआ फडक्यावर. कुशीला टाके. मेल्यासारखी. मी बोट लावलं तर बोटाला मिठी मारली! तिथेच रडले. डॉक्टर खिडकीकडे बघत राहिले.

१६ फेब्रुवारी

औषध नाकाडावर थेंब थेंब सोडायचं. तोंड उघडत नाही.

तोलोत्राचा फोन. "नेनी, एका सरड्यासाठी? आणि फांझा कशी आहे?"

"जेवते, झोपते," म्हटलं.

१८ फेब्रुवारी

ही सोआ नव्हेच!

सकाळी उन्हात ठेवली तर अंगभर फिकट गुलाबी. माझी सोआ कधी अशी नव्हती. डॉक्टरांनी बदलली! परदेशात चांगले सरडे मोठ्या किमतीला जातात, सगळं बंदर जाणतं. पुन्हा टोपली, पुन्हा रिक्षा.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. "अंडी पोटात असली की मादीचा रंग गडद. गेली की फिकट. आणि आजी, तो वाकडा पाय मी कुठून आणणार?"

पाय बघितला. माझाच. म्हणजे मी जुळवलेलाच.

२१ फेब्रुवारी

पहिला टोळ! जीभ चुकली, मग लागली. पण खाल्ला!

मागे वळते तर फांझा दारात उभी. कधीपासून, कोण जाणे. "खाल्लं तिनं?" एवढंच.

ह्यांचं म्हणणं असायचं, माणसानं सरड्यासारखं चालावं, एक डोळा पुढे, एक मागे. बरोबरच होतं.

२३ फेब्रुवारी

फांझाचे प्रश्न थांबेनात. डॉक्टरांना कसं कळलं? नुसतं बघून? दुखतं का, कापताना? किती उशीर झाला असता तर मेली असती?

एवढी चौकशी कशाला? ज्याला मरण हवं असतं तोच उशिराचा हिशेब विचारतो.

२५ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला. उठून बघते तर फांझा जाळीपाशी बसलेली, हात जाळीवर, सोआच्या टाक्यांकडे टक लावून. काहीतरी पुटपुटत होती. मला बघून चपापली.

"काय करतेस?"

"काही नाही, नेनी."

जाळीच्या दाराला कुलूप लावलं. तिच्यादेखत. किल्ली गळ्यात.

२६ फेब्रुवारी

शेजारच्या ऑर्टान्सबाई कुंपणावरून — "काय गं, सून अवघडलेली आणि सासू सरड्याच्या बाळंतपणात?" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. फांझाच सांगत असणार माझ्या तक्रारी.

२८ फेब्रुवारी

कोंबडी आज खरंच अंगणातल्या बादलीच्या काठावर चढली आणि बादली कलंडली. माती भसाभसा.

असो. एकदा पडली म्हणून तेव्हाही कोंबडीनंच पाडली असं होत नाही.

२ मार्च

सोआ वरच्या फांदीवर! टाके कोरडे. कात टाकेल तेव्हा दोरा निघेल म्हणाले डॉक्टर.

फांझानं भात तसाच ठेवला. काल रात्रीचाही. करपलेल्या भाताचं पाणी, आम्ही जेवणावर पितो ते, तेवढं प्याली. मनात काही असलं की घास उतरत नाही, हे मला शिकवायला नको.

४ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी सोआला पाणी देत होते. फांझा मागे आली. तोंडावर लुंगीचं टोक नव्हतं. म्हणाली, "नेनी, माझंही अडलंय. कालपासून हलत नाही."

पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं.

"गेल्या वेळी पण असंच झालं होतं. तेव्हा भीतीनं कुणाला बोलले नाही. लोक म्हणाले असते, हिनंच सरडा बघितला. तुम्ही सोआला नेलंत, उशीर नाही केलात. हिचा रंग परत आला ते मी रोज बघत होते. तिला नेलंत तसं मला न्या."

"अगं, मग आधी का नाही बोललीस? त्या दिवशी जाळीपाशी —"

"तेव्हाच हालचाल कमी झाली होती, सांगणारच होते, नेनी. तुम्ही कुलूप लावलंत."

चप्पलसुद्धा घातली नाही मी. ऑर्टान्सबाईंनी आडवं जाऊन रिक्षा थांबवली. फांझानं सगळ्या वाटेत माझं मनगट सोडलं नाही.

आत नेलंय. दार लावून घेतलंय. ह्या वेळी खिडकीला कान लावायचं धाडस नाही.

५ मार्च

मुलगी. पोट कापून काढली. आधी निळी होती, आवाज नव्हता — मग रडली. मायलेकी, दोघी आहेत.

फांझाला शुद्ध आली. म्हणाली, "नाव तुम्ही ठेवा, नेनी."

आजवर त्या पोरीला नावंच ठेवत आले मी.